मुख्य निष्कर्ष ओळखताना दर वेळी आधीच्या पायरीवर का अडकतो?

कोयनाकाठ_१८

नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहतो, बारावीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. येत्या डिसेंबरात क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, देणार आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर उत्तराला एक गुण, चुकलं की पाव गुण वजा. पेपर पूर्ण इंग्रजीत आणि सगळं उताऱ्यांवर. त्यात लॉजिकल रीझनिंगचे २२ ते २६ प्रश्न असतात.

माझं अडतं ते एकाच ठिकाणी. 'या युक्तिवादाचा मुख्य निष्कर्ष कोणता?' असा प्रश्न आला की माझे दोन पर्याय लगेच बाद होतात. उरलेल्या दोघांत मी नेमका चुकीचा धरतो. मी चुकांची वही ठेवतो. गेल्या सहा मॉकमध्ये (सराव परीक्षांत) असे ११ प्रश्न आले, ७ चुकले, आणि त्या सातांतले पाच अगदी एकाच पद्धतीने चुकले.

त्यातला एक उतारा मराठीत करून देतो. लांबी कमी केली आहे. मूळ उताऱ्यात शहर आणि ऑफिस होतं, मी गाव आणि शेत घातलं, म्हणजे मला नीट विचार करता येतो.

'वाचनालयाचे सभासद वाढावेत म्हणून वर्गणी माफ करावी, असं काही सदस्यांचं म्हणणं आहे. पण समितीने पैशाऐवजी वेळेकडे बघावं आणि वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं. गेल्या वर्षी वर्गणी निम्मी केली, तरी सभासद वाढले नाहीत. त्यामुळे वर्गणी जास्त म्हणून लोक येत नाहीत, हे म्हणणं टिकत नाही. वाचनालय दुपारी १२ ते ५ उघडं असतं आणि त्या वेळात गावातली बहुतेक माणसं शेतात नाहीतर कामावर असतात.'

पर्याय:
अ) वर्गणी जास्त म्हणून लोक येत नाहीत, हे म्हणणं टिकत नाही.
ब) सभासद वाढवण्यासाठी समितीने वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं.
क) गावातली बहुतेक माणसं दुपारी कामावर असतात.
ड) वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवलं तर सभासद दुप्पट होतील.

मी 'अ' लिहिलं. उत्तरसूचीत 'ब' आहे, आणि स्पष्टीकरणात फक्त 'ब हा मुख्य निष्कर्ष आहे' एवढंच. मला शिकवलं होतं की 'देअरफोर', 'दस', 'हेन्स' असे 'म्हणून' अर्थाचे शब्द शोधायचे किंवा शेवटचं वाक्य बघायचं. इथे 'त्यामुळे' तर 'अ'च्याच आधी आहे! 'अ' हाही निष्कर्ष आहेच ना? मग 'ब' मुख्य कशावरून?

काळा कोट

तुझ्या शेवटच्या ओळीतच तुझं उत्तर आहे: 'कशावरून'. त्याकडे येतेच, आधी थोडं दुसरं सांगते.

मी तालुक्याच्या कोर्टात १४ वर्षं वकिली करते. संध्याकाळी ऑफिसच्या मागच्या खोलीत क्लॅट देणारी चार-पाच मुलं येऊन बसतात. तुझी चूक त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने केली आहे. मीही केली आहे, आणि परीक्षेत नाही, अशिलासमोर.

तीन वर्षांपूर्वी पेरणीच्या तोंडावर एक आजी आल्या. पिशवीतून चार घड्या पडलेला सातबारा काढला आणि बोलायला लागल्या. शेजाऱ्याने बांध कोरला. दोन वर्षांत हातभर आत आला. कडेची चिंच तोडली, ती मालकांनी लावलेली होती. विहिरीच्या पाळीवरून वाद झाला. त्यांच्या पुतण्याने मध्ये पडून काही केलं नाही. मी अर्धा तास ऐकत होते आणि वहीत 'मोजणी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं की हा हद्दीचा वाद आहे. 'बांध कोरला' हे त्यांनी सगळ्यात ठासून सांगितलं होतं ना.

मग मी विचारलं, 'आजी, उद्या साहेबांनी तुमच्यासाठी एकच ओळ लिहायची ठरवलं, तर काय लिहावं?'

आजी म्हणाल्या, 'माझी बैलगाडी रानात जाऊ दे म्हणावं. पाऊस आला की पेरायचं कधी?'

त्यांना रस्ता हवा होता. बांध कोरला म्हणून गाडीवाट बुजली. चिंच त्या वाटेच्या कडेला होती, म्हणून तिचं खोड हा वाट जुनी असल्याचा पुरावा. अर्धा तास जे काही सांगितलं ते जवळजवळ सगळं त्या एका ओळीला आधार देणारं होतं, आणि ती ओळ त्यांनी मी विचारेपर्यंत उच्चारलीही नव्हती. मोजणीच्या मागे लागले असते तर हंगाम गेला असता. अडवलेल्या रस्त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जायचं असतं, तेही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांध कोरला हे खरं होतं, सिद्धही करता आलं असतं. पण ते त्यांचं मागणं नव्हतं.

मुख्य निष्कर्ष म्हणजे हेच मागणं. उताऱ्यातलं सगळ्यात खरं वाक्य, सगळ्यात जोरदार वाक्य, सगळ्यात नवी माहिती देणारं वाक्य, यातलं काहीच तो असेल असं नाही. लेखकाला तुझ्याकडून जे मान्य करून घ्यायचं आहे, ज्याच्यासाठी बाकीची वाक्यं राबतात, ते वाक्य.

आता तुझा उतारा. प्रत्येक वाक्यापुढे थांबून दोन प्रश्न विचार. पहिला: कशावरून? दुसरा: बरं, मग?

'कशावरून'चं उत्तर उताऱ्यातच मिळालं, तर ते वाक्य कुठल्या तरी पायरीचा निष्कर्ष आहे. मिळालं नाही, तर ते आधारविधान, लेखकाने ते तसंच गृहीत धरून पुढे ठेवलं आहे. 'बरं, मग?'चं उत्तर उताऱ्यात मिळालं, तर ते वाक्य पुढच्या कशाला तरी खांदा देतंय. मिळालं नाही, तर लेखक तिथेच येऊन थांबला आहे. मुख्य निष्कर्षाला पहिल्याचं उत्तर असतं आणि दुसऱ्याचं नसतं.

'वर्गणी जास्त म्हणून लोक येत नाहीत हे टिकत नाही.' कशावरून? गेल्या वर्षी निम्मी करूनही सभासद वाढले नाहीत. उत्तर मिळालं, म्हणजे निष्कर्ष आहे, तू म्हणतोस ते बरोबर. बरं, मग? मग पैशाकडे न बघता वेळेकडे बघावं. इथेही उत्तर मिळालं! म्हणजे लेखक इथे थांबलेला नाही. ही मधली पायरी.

'बहुतेक माणसं दुपारी कामावर असतात.' कशावरून? उतारा काहीच सांगत नाही. आधारविधान.

'वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं.' कशावरून? दुपारी माणसं नसतात, आणि वर्गणी हे कारण नाही. बरं, मग? मग काहीच नाही. उताऱ्यात यापुढे लेखक कुठेही जात नाही. हे मागणं.

'ड' वर तू फसला नाहीस, पण का बाद केलास ते वहीत लिहून ठेव. 'ठेवावं' आणि 'दुप्पट होतील' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. लेखकाने सल्ला दिला आहे, हमी दिलेली नाही. पर्यायांत 'काही'चं 'सर्व', 'शक्य आहे'चं 'नक्की', 'करावं'चं 'होईल' होतं का, ते बोट ठेवून बघायचं. पर्यायातला एक शब्द उताऱ्यापेक्षा मोठा असला की तो पर्याय गेला.

आणि त्या खुणेच्या शब्दांबद्दल. 'देअरफोर शोधा' हा सल्ला अर्धाच आहे. असा शब्द फक्त एवढंच सांगतो की पुढचं वाक्य मागच्यावर उभं आहे. ते इमारतीचा शेवटचा मजला आहे की पहिला, हे तो सांगत नाही. मी मुलांना आमच्या अर्जातला 'सबब' दाखवते. अर्जाच्या शेवटी आम्ही लिहितो, 'सबब, अर्ज मंजूर व्हावा ही विनंती'. तिथे सबब म्हणजे 'म्हणून', त्यामागे मागणं येतं. तोच शब्द घरात आई वापरते: 'सबबी सांगू नकोस'. तिथे सबब म्हणजे कारण, तेही पटण्याजोगं नसलेलं. शब्द एकच, एकीकडे निष्कर्षाच्या दारात उभा, दुसरीकडे कारणाच्या. म्हणून शब्द दिसला की थांबायचं जरूर, पण वाक्य काय काम करतंय ते वाक्यालाच विचारायचं.

'बिकॉज', 'सिन्स' आणि मधेच येणारा 'फॉर' यांच्याकडे उलट जास्त लक्ष दे. 'कारण'च्या पुढे आधार असतो, म्हणजे ज्याला आधार दिलाय ते बहुतेक वेळा त्याच्या अगदी आधी सापडतं. आणि 'पण', 'मात्र', 'तरीही'. 'काही लोकांचं म्हणणं आहे' अशी सुरुवात झाली की लेखक दुसऱ्याचं बोलणं सांगतोय, स्वतःचं नाही. 'पण' आला की तो स्वतःच्या तोंडाने बोलायला लागतो. तुझ्या उताऱ्यात मुख्य निष्कर्ष 'पण'च्या लगेच नंतर बसला आहे, दुसऱ्याच वाक्यात.

अभ्यासिका टेबल ४

ताईंची पद्धत चांगली आहे, पण एक अडचण सांगतो, नाहीतर हा पोरगा प्रत्येक उताऱ्यावर ती लावत बसेल.

मी यूपीएससी करतोय, पुण्यात. पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर म्हणजे सीसॅट: ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास, चुकलं की एक तृतीयांश वजा. पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के लागतात. 'पात्रतेपुरता' या शब्दावर मी विसंबलो आणि एका वर्षी पहिला पेपर चांगला जाऊनही इथे अडकलो. तेव्हापासून उताऱ्यांचे जुने प्रश्न एकेक करून सोडवतोय.

सीसॅटमध्ये बरेच उतारे युक्तिवाद नसतातच. कुणी काही पटवून देत नाही. पाणी, शेती, हवामान, लोकशाही यांवर पाच-सहा ओळींचं वर्णन असतं, आणि खाली प्रश्न येतो की उताऱ्याचं मर्म कोणतं. तिथे 'कशावरून' विचारलं की कुठल्याच वाक्याला उत्तर मिळत नाही आणि वेळ जातो. अशा वेळी मी बघतो की कोणता पर्याय उताऱ्यातल्या सगळ्या वाक्यांना कवेत घेतो. जो एकाच वाक्यावर बोलतो तो बाद.

दुसरं म्हणजे प्रश्न नीट वाच. 'मर्म', 'तर्कसंगत अनुमान', 'गृहीतक' या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात, आणि तिन्ही एकाच उताऱ्यावर विचारले जाऊ शकतात. निष्कर्ष लेखकाने म्हटलेला असतो. अनुमान लेखकाने म्हटलेलं नसतं, आपण काढायचं असतं. गृहीतकही त्याने म्हटलेलं नसतं, पण त्याशिवाय त्याचं म्हणणं कोसळतं. तुझ्या उताऱ्यात 'संध्याकाळी लोकांना वाचनालयात यायला सवड असते' हे गृहीतक आहे. उताऱ्यात कुठेही नाही, पण ते खोटं निघालं तर सगळंच गेलं. हे वाक्य मुख्य निष्कर्षाच्या पर्यायांत घातलं तर आमच्यातले अर्धे जण त्यावर जातील, कारण ते पटतं.

काळा कोट

टेबल ४, तुमचा मुद्दा मान्य. मी मुलांना हे सांगायला कमी पडते. आधी ठरवायचं की लेखक सांगतोय की पटवतोय. क्लॅटच्या लॉजिकलच्या उताऱ्यांत बहुतेक वेळा पटवणारा भेटतो, म्हणून माझी सवय तशी झाली आहे. क्लॅटचे उतारे साधारण ४५० शब्दांपर्यंत लांब जातात, तिथेही प्रत्येक वाक्याला दोन प्रश्न विचारायला वेळ नसतो. तिथे परिच्छेदाला विचारायचे.

न्यायप्रवेश

मी शाळेत संस्कृत शिकवत असे, आता निवृत्त आहे. चर्चा वाचून राहवलं नाही.

वकीलताईंनी जे 'कशावरून' सांगितलं, त्याची मांडणी आपल्याकडे न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, फार जुनी आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. नेहमीचं उदाहरण घे. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या पर्वतावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन.

आता पहिलं आणि पाचवं वाक्य शेजारी ठेवून बघ. एकच आहे! निगमनाची व्याख्याच सूत्रात अशी आहे: 'हेत्वपदेशात् प्रतिज्ञायाः पुनर्वचनं निगमनम्'. हेतू सांगून झाल्यावर प्रतिज्ञा पुन्हा म्हणणं म्हणजे निगमन. जे आरंभी म्हटलं तेच अखेरीस म्हटलं, फरक एवढाच की आता ते आधारासकट आलं. तुझ्या परीक्षेतले लेखक या दोन जागांपैकी एकच जागा वापरतात. कुणी प्रतिज्ञा करून थांबतो आणि शेवटी ती पुन्हा म्हणत नाही, कुणी थेट निगमनावर येतो. वाचनालयाच्या उताऱ्यात प्रतिज्ञा आहे आणि निगमन गाळलेलं आहे. म्हणून 'शेवटचं वाक्य बघ' हा सल्ला तुला तिथे उपयोगी पडला नाही. गाळलेलं निगमन स्वतः शेवटी लिहून बघ. 'म्हणून वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवावं.' उतारा पूर्ण झाल्यासारखा वाटतो. आता तिथे 'अ' लिहून बघ. 'बहुतेक माणसं दुपारी कामावर असतात, म्हणून वर्गणीचं म्हणणं टिकत नाही.' वाक्य लंगडं पडतं, कारण कामाच्या वेळांमुळे वर्गणीचं म्हणणं खोटं ठरत नाही.

अकरावी-बारावी कला शाखेला तर्कशास्त्र हा विषय असतो. त्याचं मराठी पुस्तक मिळालं तर युक्तिवाद, आधारविधान, निष्कर्ष ही प्रकरणं वाच. मराठीत एकदा समजलं की इंग्रजी उताऱ्यात तुला फक्त भाषेशी झगडावं लागेल.

टोरोंटोकर

इथल्या लॉ स्कूलसाठी एलसॅट दिली होती, म्हणून दोन ओळी. त्या परीक्षेत 'मुख्य निष्कर्ष कोणता' हा स्वतंत्र प्रश्नप्रकारच आहे. उतारे क्लॅटपेक्षा खूप छोटे, चार-पाच वाक्यांचे, पण पर्याय पाच. ऑगस्ट २०२४ पासून त्यातला कोड्यांचा विभाग काढून टाकला आणि गुण धरले जाणारे लॉजिकल रीझनिंगचे विभाग दोन झाले, ३५-३५ मिनिटांचे. सरावाला हे प्रश्न फार चांगले. त्याच्यासोबत दुसरा एक प्रकार कर: एक वाक्य देतात आणि विचारतात की युक्तिवादात या वाक्याची भूमिका काय. तुझं दुखणं नेमकं तिथलं आहे. निष्कर्ष तुला ओळखता येतो, पण तो मधला की शेवटचा यात गोंधळ होतो.

मी करायचो ते सांगतो. पर्याय हाताने झाकायचे. उतारा वाचून झाला की निष्कर्ष स्वतःच्या मराठीत मनात म्हणायचा, आईला फोनवर सांगतोय असा. 'अगं, तो म्हणतोय की वाचनालय संध्याकाळी उघडा.' मग हात काढायचा. आपलं वाक्य तयार असलं की पर्याय आपल्याला ओढून नेत नाहीत. इंग्रजी वाचून मराठीत म्हणायला सुरुवातीला वेळ लागतो. तीन-चार आठवड्यांनी माझ्या बाबतीत तो वेळ भरून निघाला, कारण दोन पर्यायांत हेलकावे खाणं थांबलं.

कोयनाकाठ_१८

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल रात्री वहीतल्या त्या सात चुकांवर 'कशावरून' आणि 'बरं, मग' लावून बघितलं. सहा सुटल्या. सातवा उतारा टेबल ४ दादा म्हणतात तसला निघाला, त्यात कुणी काही पटवतच नव्हतं.

ताई, एक शंका. दोन वाक्यं एकमेकांना आधार देतायत असं वाटलं तर? म्हणजे 'कशावरून' विचारलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

काळा कोट

तसं वाटतं, पण नीट लिहिलेल्या उताऱ्यात तसं नसतं. दोन वाक्यं उचल आणि मधे 'कारण' घालून दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाच. एक बाजू कानाला बरोबर लागते, दुसरी खटकते. हा उतारा मी आमच्या मुलांसाठी लिहिला होता, त्यावर करून बघ. पर्याय देत नाही.

'मुक्कामी एसटी बंद करणं परवडणारं नाही. गावात रात्री थांबून पहाटे सुटणाऱ्या त्या गाडीने कॉलेजची मुलं जातात. ती गाडी गेली की मुलं पास काढणं सोडतात आणि दुचाकी घेतात. एकदा दुचाकी घेतलेला मुलगा दुपारच्या गाडीलाही येत नाही. म्हणजे एका गाडीचा तोटा वाचवायला जावं, तर दिवसभराच्या गाड्यांचं उत्पन्न जातं.'

कोयनाकाठ_१८

आधी मला शेवटचं वाक्य वाटलं, 'म्हणजे' आहे आणि ऐकायलाही ठसठशीत आहे. मग मोठ्याने वाचलं.

'मुक्कामी एसटी बंद करणं परवडणारं नाही, कारण दिवसभराच्या गाड्यांचं उत्पन्न जातं.' हे बरोबर लागतं.

'दिवसभराच्या गाड्यांचं उत्पन्न जातं, कारण मुक्कामी एसटी बंद करणं परवडणारं नाही.' हे खटकतं. परवडत नाही म्हणून उत्पन्न जात नाही, उत्पन्न जातं म्हणून परवडत नाही.

म्हणून पहिलं वाक्य मुख्य निष्कर्ष. शेवटच्याला 'कशावरून' विचारलं तर दुचाकीची दोन वाक्यं उत्तर देतात, आणि 'बरं, मग?' विचारलं तर पहिलं वाक्य. म्हणजे ती मधली पायरी. सरांच्या भाषेत प्रतिज्ञा आहे, निगमन गाळलंय.

काळा कोट

बरोबर. आता एक काम कर. चुकांच्या वहीत 'उत्तर ब होतं' असं लिहू नकोस. तू निवडलेलं वाक्य काय काम करत होतं ते लिही: मधली पायरी, आधारविधान, दुसऱ्याचं मत, न म्हटलेलं गृहीतक, की फुगवलेला शब्द. वीसेक नोंदी झाल्या की इथे टाक, कुठल्या रकान्यात गर्दी आहे ते बघून पुढचे उतारे देते. तुझ्या पाच चुका एका रकान्यात जाणार हे आताच दिसतंय, पण बाकीच्या दोन मला बघायच्या आहेत.

कोयनाकाठ_१८

एक तर वर सांगितलेला वर्णनाचा उतारा, रकाना कोणता ते कळत नाही. दुसऱ्यात मी 'काही लोकांचं म्हणणं' हेच लेखकाचं मत समजून बसलो होतो. 'पण' तब्बल तीन वाक्यांनंतर होता. रविवारी मॉक आहे, संध्याकाळी नोंदी टाकतो.